पान लाल झालं म्हणजे व्हायरसच का? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

यावेळी व्हायरसबद्दलचे प्रश्न इतके आले की बाकीचे सगळे पुढच्या अंकावर टाकले. बहुतेकांनी एका पानाचा फोटो पाठवलाय आणि खाली लिहिलंय, सर हा व्हायरस आहे का. आधीच सांगतो, एका पानाच्या फोटोवरून मी हो पण म्हणणार नाही आणि नाही पण म्हणणार नाही, कारण तसंच पान अन्नद्रव्य कमी पडल्यानं होतं, तणनाशकानं होतं, कोळी किडीनं पण होतं. पानापेक्षा झाड पाहा, झाडापेक्षा अख्खं वावर पाहा. कुठून सुरू झालं, कोणत्या महिन्यात, मागच्या वर्षी याच झाडावर होतं का, काडी किंवा रोप कुठून आणलं, हे चार शब्द लिहून पाठवा, फोटो त्याच्या मागून येऊ द्या.

प्रश्न : देऊळगाव राजा तालुक्यात आमची दीड एकर काळ्या द्राक्षाची बाग हाय. काडी कडवंचीकडच्या पाहुण्यानं देली होती. मण्यात रंग भरायच्या टायमाला खालची पानं लाल होऊन राहिली, शिरा हिरव्याच, अन् कडा खाली वळून राहिल्या. दुकानदार म्हणते मॅग्नेशियम कमी हाय, दोन फवारे मारले, फरक नाही. शेजारचा म्हणते व्हायरस हाय. खरं काय समजावं?

भाऊ, तुम्ही लिहिलेलं वर्णन लीफरोलशी बरंच जुळतं, पण जुळतं म्हणजे तोच आहे असं अजून धरू नका. लीफरोल हा एकच व्हायरस नाही, चार-पाच व्हायरसांचा गट आहे, त्यातला लीफरोल-३ जगभरात सगळ्यात जास्त त्रास देतो आणि आपल्या महाराष्ट्रातल्या बागांमध्ये पण तो सापडलेला आहे. हा व्हायरस झाडाच्या अन्नवाहिनीत राहतो, म्हणजे पानात तयार झालेली साखर ज्या नळ्यांतून घडाकडं आणि मुळाकडं जाते त्या नळ्यांत, आणि ठिबकची लॅटरल चोक झाली की पुढच्या झाडाला पाणी जात नाही तसं इथं घडाला साखर पुरेशी जात नाही, ती पानातच साचते, काळ्या-लाल जातीत मग पान लाल पडतं. म्हणून हे लक्षण कोवळ्या पानावर सुरुवातीला दिसत नाही, मणी पाणी उतरायला लागले की खालच्या जुन्या पानांपासून सुरू होतं आणि वर चढत जातं. थॉमसन, सोनाका, माणिकचमन अशा पांढऱ्या जातीत लाली येतच नाही, नुसता थोडा पिवळटपणा आणि कडा वळणं, तेवढ्यावरून कोणी ओळखेल असं मला वाटत नाही, आणि तिथंच लोक फसतात.

आता दुकानदाराचं म्हणणं. मॅग्नेशियम कमी पडलं तरी जुनीच पानं आधी धरतात आणि काळ्या जातीत ती पण लालसर होतात, म्हणून गोंधळ होणं साहजिक आहे. पण मॅग्नेशियममध्ये रंग कडेकडून आत पाचरीसारखा शिरतो, पान शक्यतो वळत नाही, आणि मुख्य म्हणजे एकाच पट्ट्यातली, एकाच प्रकारच्या जमिनीवरची झाडं सगळी सारखीच दिसतात. पालाश कमी पडला तर कडा करपतात. लीफरोलमध्ये मात्र एक झाड लाल, त्याच्या बाजूचं ठणठणीत हिरवं, मग पुढं त्याच ओळीत दोन-तीन लाल, असा तुटक प्रकार असतो. नक्की करायला देठ परीक्षण करून घ्या, लाल झाडाचे देठ वेगळे आणि हिरव्या झाडाचे वेगळे, दोन पुड्या. दोन्हीत मॅग्नेशियम सारखंच निघालं तर दुकानदाराचा मुद्दा निकाली निघाला.

आणखी एक गोष्ट आहे जी कोणी पाहत नाही. झाडाचा एकच ओलांडा, म्हणजे तारेवर आडवी धरलेली जाड फांदी, लाल झाला आणि दुसरा हिरवा असेल तर आधी त्या ओलांड्यावर हात फिरवा. तार काचलीय का, खोडकिड्याचं भोक आणि भुसा आहे का, कलमाच्या जोडावर गाठ आलीय का. अन्नवाहिनी कशानंही दाबली गेली तरी वरची पानं अशीच लाल होतात, त्यासाठी व्हायरस असावाच लागतो असं नाही.

हे सगळं पाहून झालं तरी लाल झाडं उरली तर त्यांना आत्ताच खुणा करा. ऑइलपेंटचा ठिपका खोडावर, किंवा रंगीत नायलॉनची दोरी, आणि वहीत ओळ नंबर झाड नंबर. तोडणीनंतरची खरड छाटणी झाली की सगळी झाडं सारखी दिसतात आणि मग कोणतं लाल होतं ते कोणालाच आठवत नाही. तोडणीच्या आधी खूण केलेल्या झाडांचे आणि हिरव्या झाडांचे मणी रिफ्रॅक्टोमीटरवर पाहा, लीफरोल असेल तर साखर कमी येते आणि रंग फिका, तोडणी मागं पडते. पुढच्या हंगामात तीच झाडं पुन्हा लाल झाली, शिवाय त्यांच्या शेजारची एक-दोन नवीन लाल झाली, तर संशय फार बळकट झाला असं समजा आणि नमुना लॅबला पाठवा. शेजारी पसरायचं कारण पिठ्या ढेकूण. तो आजारी झाडाचा रस पितो आणि दुसऱ्या झाडावर जातो, त्याची बारीक पिल्लं तर वाऱ्यानं, मजुराच्या कपड्यानं, क्रेटनं पण जातात. बागेत मुंग्या खोडावर चढताना दिसल्या तर साल सोलून पाहा, ढेकूण तिथंच बसलेला असतो.

प्रश्न : चिखली तालुक्यातून लिहितो. आमच्या थॉमसनच्या नवीन पानांची पार पंख्यासारखी घडी झाली हाय, शिरा एकमेकीजवळ आल्या, पान अरुंद अन् दातेरी. मोबाइलवर पाहिलं तर फॅनलीफ व्हायरस लिहून येते, अन् बाग उपटून टाका असं सांगते. मी घाबरून गेलो सर. श्रावणात हे सुरू झालं, पश्चिमेकडच्या चार ओळीत जास्त हाय.

बाग उपटू नका. काहीही उपटू नका. आधी मला एक सांगा, पश्चिमेच्या धुऱ्यापलीकडं काय पीक आहे आणि श्रावणाच्या आधी त्यात कोणी टू-फोर-डी मारलं का?

हा प्रश्न मी ठळक अक्षरात छापा म्हणून संपादकांना सांगितलंय कारण आपल्या भागात फॅनलीफ म्हणून दाखवलेली जेवढी पानं माझ्याकडं आली त्यात मला पहिला संशय टू-फोर-डीचाच येतो. ज्वारीत, मक्यात, गव्हात, नुसत्या धुऱ्यावरच्या गवतात रुंद पानाच्या तणासाठी हे औषध मारतात आणि द्राक्ष त्याला अतिशय नाजूक आहे, वाऱ्यावर आलेल्या अगदी थोड्या अंशानं पण पान बिघडतं. त्याचा एस्टर प्रकार तर मारल्यानंतर उन्हात वाफ होऊन पण सरकतो, म्हणजे मारताना वारा नव्हता तरी दुसऱ्या दिवशी नुकसान होऊ शकतं. पऱ्हाटीवाल्या कास्तकाराला हे नवीन नाही, कपाशीची पानं भेंडीसारखी निघाली की आपण लगेच म्हणतो टू-फोर-डी आलं, मग द्राक्षावर तेच झालं तर व्हायरस काहून म्हणायचं?

ओळखायचं कसं ते सांगतो. पहिलं, दिशा. ज्या बाजूनं वारा आला त्या बाजूच्या ओळी जास्त, आत जावं तसं कमी. तुमच्याकडं नेमकं तेच आहे. दुसरं, पानाचं वय. औषध आलं त्या दिवशी जी पानं पूर्ण उघडलेली होती ती चांगली राहतात, शेंड्याला जी कोवळी होती तीच बिघडतात, आणि काही आठवड्यांनी पुढं निघालेली पानं हळूहळू सरळ यायला लागतात. म्हणजे एकाच काडीवर खाली चांगली, मध्ये बिघडलेली, वर पुन्हा चांगली. तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात पक्कं, बाजूची दुसरी झाडं पाहा. धुऱ्यावरची कपाशी, तूर, टमाट्याचं एखादं झाड, रानातलं रुंद पानाचं तण, यांचे पण शेंडे पिळवटलेले असतील तर विषय संपला, द्राक्षाचा फॅनलीफ काही कपाशीला आणि तुरीला एकाच आठवड्यात लागत नाही. आणि हो, शेजाऱ्याशी भांडायच्या आधी आपला स्वतःचा पंप पाहा, ज्या पंपानं तणनाशक मारलं त्याच पंपानं बागेत बुरशीनाशक मारलं असेल तर दिशा वगैरे काही दिसणार नाही, जिथं तो पंप फिरला तिथं सगळीकडं दिसेल.

खरा फॅनलीफ कसा असतो ते पण लिहितो म्हणजे मनात शंका राहायला नको. तो दरवर्षी नवीन फुटीपासूनच दिसतो, मध्येच श्रावणात उगवत नाही. पानाबरोबर काडी पण बिघडते, दोन डोळे एकाच जागी येतात, पेरं आखूड, काडी नागमोडी, कधी चपटी. काही झाडांवर पिवळी धमक नक्षी येते. घडात मणी एकसारखे भरत नाहीत, मोठ्या मण्यांत बारीक बिनबियांचे गोळे राहतात. आणि तो जमिनीतून पसरतो, झिफिनेमा इंडेक्स नावाच्या सूत्रकृमीमुळं, म्हणून आजारी झाडांचा गोल पट्टा असतो आणि तो वर्षावर्षाला हळूहळू रुंदावतो. सूत्रकृमी वनस्पतीचा व्हायरस पसरवतो हे जगात पहिल्यांदा याच रोगात सिद्ध झालं, १९५८ साली कॅलिफोर्नियात, ह्युइट, रास्की आणि गोहीन या तिघांनी ते दाखवलं. असा पट्टा तुम्हाला दिसतोय का? तुमच्या पत्रात तर तसं काही नाही.

आता बिघडलेल्या चार ओळींना ताण देऊ नका, पाणी वेळेवर द्या, नवीन फूट कशी निघते ते पाहा. ऑक्टोबर छाटणीनंतर पानं सरळ निघाली तर मला कळवा.

प्रश्न : मी चिखलदऱ्याजवळ अर्धा एकर स्ट्रॉबेरी करते. पहिल्या वर्षी रोपं विकत आणली होती, नंतर घरच्याच धावत्या वेलींची रोपं करून लावते, हे तिसरं वर्ष. या वर्षी झाडं बसकी राहिली, पानं लहान, कडा पिवळ्या, थोडी चुरगळलेली, फळ बारीक. खत तेच, पाणी तेच. काय झालं असेल?

ताई, तिसऱ्या वर्षी, घरचीच रोपं, खत-पाणी तेच आणि झाड दरवर्षी थोडं थोडं बसतंय, हे वाचूनच मला व्हायरसचा संशय आला, पानाचं वर्णन तर नंतर वाचलं.

स्ट्रॉबेरीचं असं आहे की तिचे जे मुख्य व्हायरस आहेत, मॉटल, क्रिंकल, माइल्ड यलो एज, व्हेन बँडिंग, ते चारही माव्यानं पसरतात आणि यातला एकटा एक आला तर लागवडीतल्या जाती बऱ्याचदा काहीच दाखवत नाहीत. झाड हिरवंगार, फळ पण बऱ्यापैकी. दोन किंवा तीन एकत्र जमले की मग झाड खाली बसतं. आणि धावत्या वेलीतून आईकडून मुलीकडं व्हायरस जातोच, म्हणून पहिल्या वर्षी एक, दुसऱ्या वर्षी माव्यानं आणखी एक आणून दिला, तिसऱ्या वर्षी सगळे एकत्र, असं होत जातं. मॉटल माव्याच्या तोंडाशी थोडा वेळच टिकतो, पण क्रिंकल एकदा त्याच्या अंगात गेला की तो मावा मरेपर्यंत पसरवत राहतो. म्हणजे मावा दिसल्यावर फवारून काम भागत नाही, आजारी रोपच वावरात नको.

पण तुमच्या बाबतीत दोन गोष्टी आधी बाजूला काढायला हव्या. एक कोळी. सायक्लेमन माइट म्हणून फार बारीक कोळी असतो, तो शेंड्याच्या कोंबात बसतो, कोवळी पानं चुरगळून टाकतो आणि ते हुबेहूब व्हायरससारखं दिसतं. डोळ्यानं तो दिसत नाही, कोंब उघडून भिंगाखाली पाहावं लागतं, कृषी विज्ञान केंद्रात नेऊन दाखवा. दुसरं लोह. पाण्यात किंवा जमिनीत चुनखडी जास्त असेल तर कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या अशी दिसतात. त्यात चिलेटेड लोह दिलं की पुढची नवीन पानं हिरवी निघतात, व्हायरसवर त्याचा काही परिणाम होत नाही.

घरच्या घरी करता येईल असा एक प्रयोग सांगतो आणि हा मला लॅबच्या रिपोर्टएवढाच आवडतो. खात्रीच्या ठिकाणाहून पंचवीस-तीस नवीन रोपं आणा आणि त्याच वावरात, त्याच वाफ्यात, त्याच पाण्यावर लावा. नवीन रोपं जोमानं वाढली आणि घरची बसकीच राहिली तर दोष रोपात आहे. नवीन पण पिवळी पडली तर दोष जमिनीत-पाण्यात आहे, व्हायरसच्या मागं लागू नका.

परदेशात नर्सरीवाले रानटी स्ट्रॉबेरीच्या खास निवडलेल्या झाडांवर तपासणी करतात. त्या झाडाच्या तीन पानांच्या जुडीतलं मधलं पान काढून त्या जागी संशयित झाडाचं पान कलम करतात, आणि आपली लागवडीची जात जे लपवते ते ती रानटी जात काही आठवड्यांत पानावर दाखवून देते. असा प्रकार आपल्या संत्र्यात पण आहे, खाली लिहिलंय.

या वर्षीचं पीक घेऊन झालं की जुनी झाडं उपटून वावराबाहेर टाका, त्यातलं एकही रोपासाठी ठेवू नका, कितीही चांगलं दिसलं तरी. नवीन रोपं जुन्या वाफ्याच्या अंगाला लावू नका, मावा एका उडीत जातो. मला माहीत आहे, दरवर्षी रोपं विकत आणणं अर्ध्या एकरवाल्याला जड जातं, पण तिसऱ्या वर्षी जे फळ कमी आलं त्याचा हिशोब रोपाच्या खर्चासमोर मांडून पाहा.

प्रश्न : वरूडवरून. संत्र्याची झाडं वाळून राहिली, नर्सरीवाला म्हणते ट्रिस्टेझा आला. द्राक्षाच्या लीफरोलशी याचा काही संबंध हाय का?

घराणं एकच आहे, क्लोस्टेरोव्हिरिडी. दोन्ही अन्नवाहिनीत राहतात, दोन्ही लांब दोऱ्यासारखे. फक्त ट्रिस्टेझा माव्यानं पसरतो आणि लीफरोल-३ पिठ्या ढेकणानं. ट्रिस्टेझा ओळखायचं झाड आपल्या दारातच आहे, कागदी लिंबू. संशयित संत्र्याचा डोळा कागदी लिंबाच्या रोपावर बांधला आणि नवीन पान उन्हाकडं धरलं की शिरांमध्ये तुटक पारदर्शक रेघा दिसतात.

पण भाऊ, वरूड-मोर्शीकडं झाड वाळलं की पहिलं नाव ट्रिस्टेझाचं घेऊ नका. खोडाला जमिनीलगत डिंक येतोय का, साल कुजलीय का, मुळं काळी पडलीत का, पावसात पाणी साचतं का, ते पाहा. फायटोफ्थोरा म्हणजे डिंक्या आपल्याकडं फार झाडं खातो आणि त्याला उपाय करता येतो. त्याला व्हायरस म्हणून सोडून दिलं तर वाचणारं झाड पण जाईल. नागपूरला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तिथं दाखवा.

प्रश्न : व्हायरसवर कोणतं औषध मारावं? आमच्याकडं एक जण अँटिबायोटिक देतो म्हणते.

नाही. अँटिबायोटिक जिवाणूवर चालतं, व्हायरसवर नाही. झाडाच्या आत गेलेला व्हायरस काढणारं कोणतंही फवारणीचं औषध आज नाही, कोणी बाटली दाखवली तर पैसे देऊ नका. जे करता येतं ते किडीचं, म्हणजे मावा, पिठ्या ढेकूण यांचं, ते पण लेबलवर त्या पिकाचं नाव असलेलं औषध वापरून. ढेकणासाठी मोकळी साल काढणं, मुंग्या आवरणं आणि क्रिप्टोलिमस नावाचे भुंगेरे सोडणं, हे तिन्ही चालतं.

प्रश्न : द्राक्षाचा नमुना लॅबला कसा पाठवावा? मागं पाठवला होता, निगेटिव्ह आला, पण झाड अजून तसंच दिसते.

हा फार महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण चुकीच्या जागचं पान चुकीच्या महिन्यात पाठवलं तर चांगल्यातली चांगली मशीन पण निगेटिव्हच सांगेल.

व्हायरस झाडात सगळीकडं सारखा पसरलेला नसतो. एका ओलांड्यात भरपूर, दुसऱ्यात जवळपास नाहीच, असं पण असतं. लीफरोलसाठी हंगामाच्या शेवटी शेवटी, मणी पक्व व्हायच्या सुमाराला, काडीच्या तळाकडची जुनी पानं देठासकट घ्यायची, एकाच काडीची नाही, झाडाच्या दोन्ही बाजूंच्या वेगवेगळ्या काड्यांची. शेंड्याचं कोवळं पान यासाठी कामाचं नाही. खरड छाटणीच्या वेळी पक्व काडीचे तुकडे पण चालतात, लॅबवाले साल खरवडून आतला हिरवा थर घेतात. फॅनलीफचं याच्या उलट, तो कोवळ्या फुटीत चांगला सापडतो आणि उन्हाची धग वाढली की त्याचं प्रमाण उतरतं, म्हणून त्यासाठी छाटणीनंतरची नवीन फूट घ्या, तापलेल्या महिन्यात घेऊ नका.

एका झाडाची एक पिशवी, पिशवीवर पेनानं ओळ आणि झाड नंबर. बरोबर एका निरोगी दिसणाऱ्या झाडाचा नमुना पण द्या, तुलनेला लागतो. पानं धुवून ओली गच्च भरू नका, कुजतात, किंचित ओलसर कागदात गुंडाळा, थंड ठेवा, बसच्या टपावर किंवा गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. शनिवारी कुरिअर करू नका, रविवारभर ते गोदामात पडून राहतं. आणि आधी फोन करून विचारा की कोणकोणत्या व्हायरसची तपासणी तुम्ही करता आणि कोणता भाग पाठवू. द्राक्षासाठी पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, आपल्या भागात अकोल्याचं कृषी विद्यापीठ आणि जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र, ते सांगतील कुठं पाठवायचं.

तपासण्या मुख्य दोन. एलायझामध्ये छोट्या वाट्यांची प्लेट असते, ९६ वाट्यांची, त्यात व्हायरसला चिकटणारी प्रतिपिंडं लावलेली असतात, व्हायरस असला की शेवटी वाटीत पिवळा रंग येतो. ही पद्धत १९७७ पासून वनस्पतींच्या व्हायरससाठी वापरात आहे, स्वस्त आहे, एकदम खूप झाडं तपासता येतात, पण व्हायरस थोडा असला तर चुकू शकते. दुसरी आरटी-पीसीआर, कोरोनाच्या वेळी नाकातल्या नमुन्यावर जी केली तीच पद्धत, ती फार थोडा व्हायरस पण पकडते. मात्र द्राक्षाच्या पानात टॅनिनसारखे पदार्थ आणि चिकट शर्करा भरपूर, ते पीसीआरला अडवतात, म्हणून द्राक्षाची सवय असलेल्या लॅबकडंच द्या.

आणि निगेटिव्हचा अर्थ नीट समजून घ्या. लॅबनं लीफरोल-३ शोधला आणि तो सापडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. लीफरोल-१ असू शकतो, दुसरंच काही असू शकतं. तुमच्या रिपोर्टवर कोणत्या व्हायरसचं नाव छापलंय ते वाचा आणि मला कळवा, बहुतेक तिथंच उत्तर मिळेल.

प्रश्न : मी अकोल्याला कृषीचा विद्यार्थी आहे. नवीन व्हायरस, ज्याचं नावच कोणाला माहीत नाही, तो कसा सापडतो? ब्लूबेरी वगैरेमध्ये पण असंच असतं का?

याचं चांगलं उदाहरण द्राक्षातच आहे, रेड ब्लॉच. २००८ च्या सुमाराला कॅलिफोर्नियात नापा भागात काळ्या जातींची पानं लाल होताना दिसली, सगळ्यांना वाटलं लीफरोल, पण लीफरोलच्या तपासण्या निगेटिव्ह येत राहिल्या. नीट पाहिल्यावर फरक होता, इथं पानामागच्या शिरा पण लाल व्हायच्या आणि कडा वळत नव्हत्या. मग झाडातला सगळाच न्यूक्लिक अ‍ॅसिड वाचून काढला, तर लीफरोलसारखा आरएनएवाला नाही, डीएनएवाला नवाच व्हायरस निघाला, जेमिनीव्हायरसच्या घराण्यातला, आपल्या मिरचीचा चुरडामुरडा आणि सोयाबीनचा पिवळा मोझॅक ज्या घराण्यातले आहेत त्याच. पुढं जुन्या संग्रहात वाळवून ठेवलेलं १९४० सालचं सोनोमा भागातलं द्राक्षाचं पान तपासलं तर त्यात पण तो होता. म्हणजे इतकी वर्षं तो बागांमध्ये होता आणि लोक त्याला दुसऱ्याच नावानं ओळखत होते. तुमच्यासारख्या मुलांनी आपल्या भागातली पानं तारीख, गाव, जात लिहून वाळवून ठेवायला सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं.

ब्लूबेरीत शॉक आणि स्कॉर्च असे दोन आहेत, दोन्हीत ऐन फुलोऱ्यात फुलं आणि कोवळी पानं करपतात. शॉक परागकणांतून जातो आणि झाड नंतर नवीन पानं काढून चांगलं दिसायला लागतं, स्कॉर्च माव्यानं जातो आणि दरवर्षी झाड खंगत जातं. पहिल्या वर्षी डोळ्यानं फरक करणं कठीण, लॅबच लागते. रासबेरीतला बुशी ड्वार्फ पण परागकणांतूनच पसरतो, म्हणजे तिथं मधमाशीला थांबवायचं म्हटलं तर पीकच थांबेल.

प्रश्न : छाटणीच्या कात्रीनं व्हायरस पसरते का? अन् अशा झाडाची द्राक्षं लेकराईनं खाल्ली तर?

लीफरोल कात्रीनं पसरत नाही, कलमानं मात्र शंभर टक्के जातो. कात्री निर्जंतुक करणं बाकीच्या रोगांसाठी चांगलंच आहे, ते सोडू नका. द्राक्षं लेकरांना खुशाल खाऊ द्या, झाडाचा व्हायरस माणसाला लागत नाही, फवारणीच्या औषधाचे दिवस भरलेत का तेवढं पाहा.

प्रश्न : सिंदखेड राजाजवळ पुढच्या वर्षी नवीन बाग लावायचा विचार हाय. डॉगरीजची रोपं लावून त्यावर कलम भरणार. काडी कशी निवडावी?

ज्या प्रश्नानं सुरुवात करायला पाहिजे होती तो शेवटी आला. लांबच्या गावी व्हायरस पोचतो तो बहुतेक काडीतून, ढेकूण आणि सूत्रकृमी नंतर बागेच्या आत काम करतात.

रूटस्टॉकवर, म्हणजे ज्यावर कलम भरतो त्या खालच्या खुंटावर, लीफरोल दिसत नाही. डॉगरीज असो की दुसरा कोणता, पान हिरवंगार राहील आणि आत व्हायरस असेल, वर कलम भरलं की तो वरच्या जातीत चढेल. म्हणून रूटस्टॉकची रोपं आणताना पण त्याची मातृझाडं तपासलेली आहेत का ते विचारा, रिपोर्ट दाखवा म्हणा. कलम काडी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणतो तेव्हा झाडावर घड पण नसतो आणि लाली पण नसते, त्या दिवशी झाड पाहून काहीच कळत नाही. त्यामुळं काम आधीच्या हंगामात सुरू करायचं. ज्या बागेतून काडी घ्यायची तिथं तोडणीच्या आधी स्वतः जा, खालची पानं, घडाचा रंग, साखर पाहा, चांगली झाडं ठरवून मालकाच्या परवानगीनं खोडाला खूण करा आणि त्याच झाडांचे देठ तपासायला पाठवा. पांढरी जात असेल तर डोळ्यावर अजिबात विसंबू नका, तपासणी कराच. नंतर कलमाच्या वेळी फक्त खूण केलेल्याच झाडांची काडी आणा, कोणी बाजूच्या झाडाच्या दोन काड्या प्रेमानं जास्त घाला म्हटलं तरी घेऊ नका.

व्हायरस झालेल्या जातीची काडी स्वच्छ करता येते, पण ते लॅबचं काम आहे, झाड काही आठवडे ३८ अंशाच्या आसपास गरम ठेवून शेंड्याचा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा लहान कोंब काचेच्या नळीत वाढवतात. गरम पाण्यात काडी बुडवून व्हायरस जातो असं कोणी सांगितलं तर ते खरं नाही, ५० अंशाच्या पाण्यात ४५ मिनिटं बुडवायची पद्धत फायटोप्लाझ्मासाठी, म्हणजे अन्नवाहिनीत राहणाऱ्या एका प्रकारच्या जिवाणूसाठी आहे.

आणि लावल्यावर बागेचा नकाशा वहीत काढा, कोणत्या ओळीत कोणाकडची काडी, कोणत्या तारखेला. पाच वर्षांनी एखादं झाड लाल झालं तर मला पत्र लिहिताना तो कागद सोबत पाठवा.